कारल्याच्या मांडवाखाली बेल्जियन बिअर

रविवार, १९ जानेवारी २०२५ रोजी दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी मी वाशीमजवळच्या आमच्या मळ्यात, कारल्याच्या रिकाम्या मांडवाखाली, बिअरच्या चवीचे शास्त्रशुद्ध परीक्षण करणारी प्रयोगशाळा सुरू केली. जिल्ह्यातील ती पहिलीच असावी. चार वाजण्याच्या आत ती कोसळली. ‘कोसळली’ हे क्रियापद मी पूर्ण जबाबदारीने वापरते आहे: आधी चादरी, मग तारा, मग खांब आणि शेवटी आमच्या घरचे जावई, या क्रमाने.

मुळात मी सूक्ष्मजीवशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी. शिक्षण संपल्यावर पुण्याजवळच्या एका छोट्या बिअर-कारखान्यात नोकरीला लागले आणि दोन वर्षे बाटल्यांची झाकणे नीट बसली आहेत की नाहीत, हे तपासत राहिले. (बसलेली असत. कारकिर्दीच्या दृष्टीने हीच अडचण होती.) अखेर गेल्या पावसाळ्यात आमच्या मुख्य ब्रुअर, म्हणजे बिअर करणाऱ्या, मॅडमनी मला स्वतःची एक पाककृती करून पाहण्याची मुभा दिली, आणि मी बेल्जियन धाटणीची गडद, कडक एल करायला घेतली. एल म्हणजे बिअरच. फक्त तिचे यीस्ट जरा उबेत काम करते आणि काम करताना गप्प बसत नाही. मनुका, अंजीर, लवंग असे नाना वास ते मागे ठेवून जाते. त्यात मी काळपट होईपर्यंत आटवलेला साखरेचा पाक घातला, बाबांच्या वाफ्यातले धने घातले आणि ताईच्या सासरहून, म्हणजे आसेगावच्या बागेतून आलेल्या संत्र्यांची वाळवलेली साल घातली. तयार झालेल्या पेयात साडेनऊ टक्के मद्यार्क भरला. नेहमीच्या बिअरच्या जवळजवळ दुप्पट.

इथे मला शास्त्रीय तटस्थता थोडा वेळ बाजूला ठेवावी लागेल. ती एल सुंदर होती. पेल्यात ओतताना ती काळी दिसे. उन्हासमोर धरली की कडेला डाळिंबी धग पेटे. फेस दुधाच्या सायीच्या रंगाचा, दाट, आणि जायची घाई नसलेला. पहिल्या घोटात काकवीची आठवण यावी, दुसऱ्यात भिजवलेल्या खारकेची, आणि गिळल्यानंतर बऱ्याच वेळाने, जणू दारातून परत वळून काही राहिले ते सांगावे तशी, संत्र्याच्या सालीची हलकी कडवट चव. प्रयोगशाळेत मी पहिल्यांदा ती चाखली तेव्हा शेजारच्या सहकाऱ्याला सांगितले, की हे मी केले आहे यावर माझा विश्वास बसत नाही. तो म्हणाला, त्याचाही बसत नाही.

मॅडमनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि ती मोठ्या प्रमाणावर करायला मोठी टाकी देण्यासाठी अट घातली. कारखान्यातल्या लोकांचे मत त्यांना नको होते, कारण त्यांना पगार मिळतो. मी संक्रांतीला घरी जाणारच होते. तिथल्या लोकांना द्यावी, प्रत्येकाकडून चवीचे वर्णन आणि एक ते नऊ यांमधला एक गुण घ्यावा, आणि सोमवारी सकाळी सरासरी कळवावी. सात किंवा जास्त असेल तर टाकी, आणि वर्षभर माझी एल बाजारात. कमी असेल तर पुन्हा झाकणे. “आणि माणसं कितीही आण,” त्या म्हणाल्या, “पण नुसतं ‘मस्त’ लिहिणारा माणूस मी मोजत नाही. चव सांगता आली नाही, तर गुण बाद.”

तेव्हा मी चार बाटल्या आणि त्यांचा रीतसर परवाना घेऊन (वाचकांनी काळजी करू नये) गावी आले.

घरी परिस्थिती अशी होती. आई माझ्या बाजूने होती, कारण ती तत्त्वतः माझ्याच बाजूने असते. बाबा कुणाच्याच बाजूने नव्हते. मी बिअरच्या कारखान्यात जाते हे कळले त्या दिवशी त्यांनी मला एवढेच सांगितले होते, “तुह्या कामाचं मले काही सांगू नोको. लोकाइले काय सांगाचं ते मी पाहून घेतो.” त्यांनी लोकांना मी औषधांच्या कंपनीत आहे असे सांगितले. तेव्हापासून दोन वर्षे शेजारपाजारचे लोक मला गुडघेदुखीवर गोळी विचारत होते, आणि बाबांनी एकदाही, तू नेमके करतेस काय, असे विचारले नव्हते. बाबा भाजीपाल्याचे शेतकरी. सुपारीच्या खांडाचेही व्यसन नाही. वांगे हातात घेऊन ते त्याच्याकडे ज्या नजरेने पाहतात, त्या नजरेने त्यांनी माझ्या पदवीच्या प्रमाणपत्राकडे पाहिले होते: आतून किडके नसावे, अशी आशा करत.

म्हणून परीक्षकांची जमवाजमव मी गजूकाकांवर सोपवली. हे बाबांचे धाकटे भाऊ. गावातले कोणतेही काम त्यांच्यावाचून अडते, असे त्यांचे स्वतःचे मत आहे.

“तुले पिणारे पाह्यजेत ना? गावात काय त्याचा दुष्काळ हाय का व?” ते म्हणाले.

दुष्काळ निघाला. ज्यांच्या गुणांची ख्याती शेजारच्या तालुक्यापर्यंत होती ते सगळे माझ्यासमोर धुतल्या तांदळासारखे उभे राहिले. गावच्या लेकीसमोर कबूल कोण होणार! ताईचे यजमान सुधाकरभाऊजी संक्रांतीचा सण म्हणून आमच्याकडेच आले होते. ते म्हणाले, त्यांना वासानेसुद्धा भोवळ येते. (त्यांच्या लग्नाच्या वरातीत भोवळ त्यांना नव्हे, घोड्याला आली होती, हे मी विसरले नव्हते.) निवृत्त गुरुजी म्हणाले, “बाळ, ते द्रव्य मी फक्त पाठ्यपुस्तकात पाहिले आहे.” कोणत्या इयत्तेच्या, हे मी विचारले नाही.

खरी अडचण काकांनी मला संध्याकाळी चुलीपाशी बसून समजावली. प्रश्न पिण्याचा नव्हता, कुणासमोर पिण्याचा होता. गुरुजींनी काकांना चौथीत शिकवलेले. त्यामुळे काका गुरुजींसमोर पेला धरू शकत नाहीत, आणि विद्यार्थ्यासमोर गुरुजीही धरू शकत नाहीत. काका हे सुधाकरभाऊजींचे चुलतसासरे; त्यामुळे भाऊजी काकांसमोर नाही. आणि माझ्यासमोर तर कुणीच नाही. आमच्याकडे सगळे एकमेकांचे कुणीतरी लागतात, हा आमचा सामाजिक आधार आहे. त्या दिवशी तो शास्त्राच्या आड आला.

आणि मग मला ती कल्पना सुचली, जिचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला. चवीचे परीक्षण करणाऱ्या खऱ्या प्रयोगशाळांत परीक्षकांना वेगवेगळ्या बंद कप्प्यांत बसवतात. एकाने दुसऱ्याचा चेहरा पाहू नये, बोलू नये, एकाच्या मताचा दुसऱ्यावर परिणाम होऊ नये, म्हणून. नमुना एका छोट्या फटीतून आत सरकवतात. म्हणजे जगातल्या शास्त्रज्ञांनी जो नियम काटेकोरपणासाठी केला, तोच आमच्या गावाने लाजेसाठी आधीपासून पाळला होता. फक्त कप्पे बांधायचे राहिले होते.

कारल्याचा मांडव रिकामाच होता. वेल काढून झाले होते, खांब आणि वरच्या तारा तेवढ्या उभ्या होत्या. आईने पाहुण्यांच्या पेटीतल्या मोर विणलेल्या चादरी दिल्या. एक डाग पडला तरी मी सासरी जाईपर्यंत त्याबद्दल ऐकून घ्यावे लागेल, या अटीवर. चादरी तारांवर टाकून मी चार कप्पे केले. प्रत्येकात भाजीचे एक उलटे कॅरेट बसायला, एक टेकायला. पुढच्या बाजूने चादरीखाली वीतभर फट ठेवली. त्यातून मी पेला आणि कागद आत सरकवणार, हात बाहेर येणार, चेहरा दिसणार नाही. प्रत्येकाला वेगळ्या वाटेने आणायचे आणि शेजारी कुणी बाहेरगावचा माणूस आहे, असे सांगायचे. बाबा पहाटेच फुलकोबी घेऊन वाशीमच्या बाजारात जाणार होते आणि दिवेलागणीशिवाय येणार नव्हते. योजनेत मला एकही त्रुटी दिसली नाही. (खांबांना वाळवी लागली होती. पण मी सूक्ष्मजीवशास्त्राची. वाळवी हा माझा विषय नव्हे.)

तीन परीक्षक पक्के झाले. चौथ्याबद्दल काका घुटमळले. माणूस आहे, म्हणाले, पण फार लाजरा आहे. मी त्याला पाहता कामा नये, त्याचा आवाजही ऐकता कामा नये. त्याचा हात दुखतो, म्हणून तो काकांच्या कानात सांगेल आणि काका लिहून देतील. पेलाही काकाच नेऊन देतील.

“कोण आहे तो?”

“हाय एक. तोंड चांगलं हाय त्याचं.”

मी होकार दिला. अनामिक परीक्षक हा तर शास्त्राचा आदर्श होता.

मांडवाबाहेर उभी राहून मी चादरींना उद्देशून पाच मिनिटे बोलले. एकमेकांशी बोलू नये. कुणी कुणावर प्रभाव टाकू नये. मी स्वतःसुद्धा टाकणार नाही. गेले दोन तास तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्लेला नसावा. (पहिल्या कप्प्यातून एक दीर्घ उसासा आला. तो काकांचा होता.) घोट लहान घ्यावा, जिभेवर फिरवावा, आणि हवे तर शेजारच्या डब्यात थुंकून टाकावा.

थुंकण्याच्या सूचनेवर दुसऱ्या कप्प्यात खळबळ झाली. गुरुजींनी नाव जाहीर न करता, पण वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, की बिअर ज्यापासून होते ते सातू हे अन्न आहे आणि अन्न थुंकून टाकण्याचे संस्कार त्यांनी चाळीस वर्षे कुणालाही दिले नाहीत. पहिल्या कप्प्यात, चौथीतला तो आवाज ओळखून, काका ताडकन उभे राहिल्याचे मला चादरीच्या हालचालीवरून दिसले. मग त्यांना आठवले असावे, की आपण तिथे नाही. ते हळूच खाली बसले.

पेले आत गेले. मी ठरवले होते तसा प्रत्येकात जेमतेम अर्धी वाटी नमुना होता. अनुभवी माणसांचा बिअरविषयी एक समज असतो, की ते थंड पाणीच, जरा गर्विष्ठ. तिसऱ्या कप्प्यातल्या सुधाकरभाऊजींनी साडेनऊ टक्क्यांचा तो नमुना एका श्वासात संपवला आणि रिकामा पेला फटीतून बाहेर आला. मी शांतपणे दुसरा दिला. तोही बाहेर आला. तिसऱ्याला मी पेला जरा धरून ठेवला. आतून त्यांनी ओढला. शास्त्र आणि जावई यांच्या ओढाताणीत आमच्या घरी कोण जिंकते, ते सांगायला नको.

कागद येऊ लागले. काकांचा पहिला: “मस्त. ९.” गुरुजींचा दुसरा: “प्रगती समाधानकारक. शुभाशीर्वाद. ९.” भाऊजींचा तिसरा: “झकास”, खाली तीन रेघा, “९”. मी खचले. तिन्ही नऊ मॅडमच्या चाळणीतून सरळ खाली पडणार होते. शिवाय काकांच्या कागदावरचा नऊ पेला आत जाण्याआधीच लिहिलेला मी फटीतून पाहिला होता. नंतर विचारले तेव्हा ते म्हणाले, गावच्या लेकीला नऊच्या खाली द्यायचे असते का कुठे; पिऊन काय बदलणार होते?

मग काकांच्या हस्ताक्षरात चौथ्याचा कागद आला आणि मी तिथेच बांधावर बसले.

“वास: निखाऱ्यावर वांगं भाजताना साल सुटते, त्यायेळचा. मग काकवी. मग वल्ली माती, पण उन्हातली. चव: खारीक. धने हाएत, आपलेच. थोडे जास्त चालले असते. फेस पोरीनं चांगला धरला.”

दोन वर्षांत असे वर्णन मी कारखान्यातल्या कुणाकडून ऐकले नव्हते. मला भरून आले. ‘आपलेच’ या शब्दापाशी मी क्षणभर थांबले आणि ते प्रादेशिक अस्मितेचे लक्षण मानून पुढे वाचू लागले. (पदव्युत्तर शिक्षणाने निरीक्षणशक्ती वाढते, असे म्हणतात.) फक्त गुणाची जागा कोरी होती. मी काकांच्या हाती निरोप पाठवला, की वर्णन उत्कृष्ट आहे, गुण तेवढा द्यावा. आतून उत्तर आले, घाई करू नये, माल अजून पाहणे चालू आहे.

तोवर तिसऱ्या कप्प्यातला मद्यार्क आपल्या कामाला लागला होता. सुधाकरभाऊजींना शेजाऱ्याविषयी अपार जिव्हाळा दाटून आला. त्यांनी चौथ्या कप्प्याच्या चादरीवर टकटक केली. चादरीवर टकटक होत नाही. ते चादरीतल्या मोराशी थोडा वेळ झगडले. मग म्हणाले, “भाऊ, तुमी बाहेरगावचे ना? तुमाले सासरे हाएत का?”



मी बाहेरून नियमाची आठवण करून दिली. भाऊजींनी नियमाचे स्वागत केले आणि पुढे बोलू लागले. त्यांचे सासरे, म्हणाले, माणूस देव आहे. पण देवही वर्षातून एकदा प्रसन्न होतो. धोंड्याच्या जेवणाला जावयाला काय काय मिळते हे अख्ख्या वऱ्हाडाला ठाऊक आहे. यांना काय मिळाले? एक कॅरेट वांगी. दिवाळीला काय? वांगी. पोरगा झाला तेव्हा? त्या वेळी मात्र सासऱ्यांनी हात सैल सोडला होता: फुलकोबी.

“आन् बोलत नाहीत हो ते,” भाऊजी गहिवरून म्हणाले. “निस्ते पाहतेत. आपन वांगं असल्यावानी.”

चौथ्या कप्प्यातून काका बाहेर आले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी माझ्या हातात दुसरा कागद दिला आणि माझ्याकडे न पाहता आपल्या कप्प्यात परत गेले. त्यावर लिहिले होते: “मागची चव: कडू. शेजाऱ्याइतकी नाही.”

माझ्या डोक्यात काहीतरी हळूहळू एकमेकांना जोडले जाऊ लागले. आपलेच धने. पोरीने फेस धरला. माल पाहणे चालू आहे. मी चौथ्या चादरीखालच्या फटीतून वाकून पाहिले. आत एक चप्पल होती, अंगठ्याला तांबड्या सुतळीने शिवलेली. ती सुतळी मी स्वतः मागच्या आठवड्यात ओवून दिली होती.

मी ओरडले नाही. शास्त्रज्ञ ओरडत नाहीत. मी फक्त अत्यंत हळू आवाजात म्हणाले, “भाऊजी, पुरे.”

“पुरे कसं? इचारा त्याइले,” भाऊजी म्हणाले, “का असा सासरा—”

तेवढ्यात चौथा कप्पा खाकरला.

बाबांचे खाकरणे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. थंडीत ट्रॅक्टर पहिल्यांदा सुरू होताना जसा आवाज करतो, तसे ते असते, आणि त्यानंतर सहसा शांतता असते. जावयाच्या कानांवर गेल्या आठ वर्षांत त्याचे जे संस्कार झाले होते, ते मद्यार्काहून बळकट निघाले. सुधाकरभाऊजी एका झटक्यात उभे राहिले. डोके चादरीत गेले, चादर तारेवरून ओढली गेली, तार खांबावरून, आणि खांबाने, जो बहुधा अशाच एखाद्या निमित्ताची वाट पाहत होता, मान टाकली. मग दुसरा. मग सगळा मांडव एखाद्या दमलेल्या उंटासारखा एका कुशीवर बसला.

धूळ खाली बसली तेव्हा उघड्या आकाशाखाली चार माणसे आपापल्या कॅरेटांपाशी उभी होती. काकांनी गुरुजींना पाहिले, गुरुजींनी काकांना पाहिले, आणि गुरु-शिष्यांचे पेले एकाच लयीत पाठीमागे गेले. भाऊजींच्या डोक्यावर मोर होता. त्यांनी तो बाजूला सारला, समोर सासरे पाहिले, आणि अशा वेळी आपल्याकडच्या सभ्य माणसाला जे एकच सुचते ते केले: वाकून पाया पडले. हातातला पेला न ठेवता. साडेनऊ टक्के मद्यार्काची ती एल, डाळिंबी रंगासकट, बाबांच्या दोन्ही पावलांवर आणि आईच्या चादरीवर सांडली.

“सुखी राहा,” बाबा म्हणाले. कारण पाया पडल्यावर तेच म्हणायचे असते.

बाबा वाशीमच्या बाजारात असायला हवे होते. (ते गेले होते, माल लवकर विकून दुपारी परतले होते, आणि काकांना बांधावर गाठून म्हणाले होते, “पोरगी काय करते ते मले पाहाचं हाय. पन तिले समजू नोको देऊ.” हे काकांनी मला रात्री, शपथ घालून, सांगितले.) सगळ्यांचे पेले पाठीमागे होते. बाबांचा तेवढा समोर होता. त्यांनी तो लपवला नव्हता. लपवण्यासारखे काही केले आहे असे त्यांना वाटतच नसावे. पेला उन्हाकडे धरून ते पाहत होते. त्या नजरेने.

“फेस अजून हाय,” ते म्हणाले.

सोमवार सकाळ जवळ येत होती, तीन नऊ बाद होते, आणि चव सांगता येणारा एकुलता एक परीक्षक माझ्यासमोर ओल्या पायांनी उभा होता. सरासरी जी काही व्हायची ती याच एका माणसाच्या आकड्याची होणार होती. मी कागद सरळ केला आणि अधिकृत आवाजात विचारले, “परीक्षक क्रमांक चार, गुण?”

“सहा.”

काका कळवळले. गावच्या लेकीला सहा? गुरुजींनी आपल्या चाळीस वर्षांच्या सेवेत इतकी कडक तपासणी पाहिली नव्हती, असे सांगितले. सुधाकरभाऊजींनी पुनर्वसनाची संधी ओळखली आणि अदबीने म्हणाले, “मामाजी, सात करून टाका ना.”

“तुमी बोलू नोका,” बाबा म्हणाले. भाऊजी कॅरेटवर बसले.

“नऊ दिले तं पोरगी उद्या सुधारन कायले?” बाबांनी सर्वांनाच विचारले. “मालाले मालाचा भाव. धने कमी पडले.”

धने त्यांचेच होते. हितसंबंधांचा हा उघड संघर्ष कोणत्याही प्रयोगशाळेत नोंदवला गेला असता. मी तो नोंदवला नाही. त्याऐवजी मी जे केले ते लिहिताना माझी पदवी मला भिंतीवरून पाहते आहे. ज्या मुलीने तासाभरापूर्वी चार प्रौढ माणसांना, परीक्षकावर प्रभाव टाकू नये, असे व्याख्यान दिले होते, ती पडलेल्या मांडवात उभी राहून सख्ख्या बापाशी घासाघीस करू लागली. तीही अस्सल वऱ्हाडीत.

“बाबा, सात करा ना. मोठी टाकी भेटते.”

“सहा.”

“एवढी मेहनत केली. वास पाहा. वांग्याचा वास तुमीच सांगतला.”

“म्हनून तं सहा. नाहीतं पाच होते.”

“पुढच्या खेपेले धने दुप्पट टाकतो.”

बाबांनी विचार केला. पेल्यातला उरलेला घोट त्यांनी तोंडात घेतला, जिभेवर फिरवला (सूचना पाळणारे ते एकटेच होते), गिळला आणि डोळे मिटून त्याची वाट पाहिली. मला ती वाट ठाऊक होती. संत्र्याची साल दारातून परत वळेपर्यंतची. ती वळली असावी. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झाले, आणि त्या क्षणी, टाकी मिळो न मिळो, माझ्या एलविषयीचा माझा आदर दुणावला.

“साडेसहा,” ते म्हणाले.

“मोजपट्टीत अर्धा नसते, बाबा.”

“तुह्या नसन. माह्या काट्यावर राह्यते.”

आता एकच मार्ग उरला होता आणि तो शास्त्रमान्य होता. मी बाबांना समजावून सांगितले, की अर्धा आला की तो वरच्या पूर्णांकात धरण्याची रीत आहे. मोठमोठे शास्त्रज्ञ धरतात. म्हणजे साडेसहा म्हणजे जवळजवळ सातच. लिहिताना मी फक्त सात लिहीन, आणि कुणाचेच काही बिघडणार नाही.

बाबांनी रिकामा पेला माझ्या हातात दिला.

“झुकतं माप गिऱ्हाइकाले द्याचं राह्यते, पल्लवी,” ते म्हणाले. “सोताले नाही.”

मी पेन उघडले आणि मॅडमसाठीच्या कागदावर, परीक्षकांची संख्या एक, सरासरी या शब्दापुढे, लिहिले: ६.५.